पाणंदीनं खिद्रापूर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याची नोकरी सोडून कोल्हापूरला परतलात आणि 29 इंची चाकांची हार्डटेल एमटीबी घेतलीत, म्हणजे पुढं 100 मिलिमीटर दबणारा फोर्क आणि मागं धक्के झेलणारं काही नाही अशी डोंगरी सायकल. ग्रुप दर रविवारी पन्हाळा नाहीतर जोतिबा करतो आणि घाटात तुमचा उजवा गुडघा पुढून दुखतो. मनातून तुम्हाला नदीकाठच्या रानातून शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरला, कोपेश्वराच्या देवळाला जायचंय. तेव्हा सपाटीवर एमटीबी वाया जाते का, हायब्रिड (रस्त्याची आणि डोंगरी यांच्या मधली सायकल) घ्यायला हवी होती का, एका दिवसात जमेल का, आणि दहावीतल्या मुलाला सोबत न्यावं का?

करवीर, हातकणंगले, शिरोळ या तीन तालुक्यांच्या पाणंदींतून, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटांतून, मी अठरा वर्षं सायकल चालवतोय. घाटही केलेत, पण जीव रमतो तो या सपाट रानातच. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी सायकलीचं. बदलू नका. हायब्रिडचं टायर डांबरावर हलकं पळतं हे खरं. पण डांबर सोडून पाणंदीत उतरलात की ट्रॅक्टरच्या दोन खोल चाकोऱ्या, मधे गवताचा उंचवटा, वाळून दगड झालेली काळ्या मातीची ढेकळं आणि दर दोनतीनशे फुटांवर पाण्याची पाइप पुरायला आडवा काढलेला चर, असं सगळं सुरू होतं. तिथं 2.2 इंची टायर, रुंद हँडल आणि फोर्क लागतोच. पन्हाळ्याच्या डांबरी घाटात एमटीबीचं निम्मं बळ उगाच खर्ची पडतं. खिद्रापूरच्या वाटेवरच्या अब्दुललाटच्या पाणंदीत तिचा प्रत्येक भाग कामाला लागतो. पुढची चकती 32 दात्यांची असेल तर तीही राहू द्या. पुढं 32 आणि मागं 11 दाते असताना मिनिटाला 90 वेळा पायडल फिरवलं तर ताशी 36 किलोमीटर निघतात. पाणंदीत तुमचा वेग 14 ते 16 असणार आहे, त्यामुळं मोठ्या चकतीवर पैसे घालायचं कारण नाही. बदलायचंच असेल तर टायर बदला. मधले गुटके बुटके आणि दाट, कडेचे उंच, असं क्रॉसकंट्री टायर घ्या. उंच गुटक्यांचं चिखलाचं टायर डांबरी पट्ट्यात घरघर करतं आणि पाय खातं.

आता सपाटीचं. घाट करणाऱ्यांना वाटतं सपाटी म्हणजे आराम. घाटात चढ संपला की उतार लागतो, आणि त्या दहा मिनिटांत पाय, बूड, मनगटं सगळ्यांना सुटका मिळते. सपाटीला उतारच नाही. 60 किलोमीटर म्हणजे 60 किलोमीटर पायडल मारायचं, आणि त्याच बैठकीत. पहिल्यांदा लांब जाणारे बहुतेक जण 40 किलोमीटरच्या आसपास कुरकुरायला लागतात, आणि त्यात पायांची तक्रार क्वचित असते. बूड दुखतं, नाहीतर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. करंगळीचं कारण तळहाताच्या कडेला दबणारी नस. हँडलच्या टोकांना छोटी शिंगं बसवून घ्या, म्हणजे हाताची पकड बदलता येते. दर पंधरा मिनिटांनी एक गिअर जड करून वीसतीस पायडलं उभ्यानं मारा. दुखायला लागल्यावर उठून उपयोग नाही, घड्याळ लावूनच उठा.

गुडघा पुढून दुखतो म्हणालात. पुष्कळदा सीट खाली असते म्हणून तसं होतं. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल तळाला न्या. पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. तसा होत नसेल तर सीट थोडी थोडी, एका वेळी पाचेक मिलिमीटर वर घ्या आणि प्रत्येक बदलानंतर दोन फेऱ्या मारून बघा. शिवाय जड गिअर रेटायची सवय सोडा. मिनिटाला 80 ते 90 फेरे बसतील असा हलका गिअर ठेवा. या बाबतीत सपाट रान तुमच्या गुडघ्यावर उपकार करेल, कारण तिथं हलका गिअर सारखा धरून ठेवता येतो. एवढं करूनही महिन्याभरात दुखणं हटलं नाही तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सायकलीचं दुकान हे त्याचं ठिकाण नव्हे.

आता माती. या मुलखात सायकल चालवायची म्हणजे माती वाचता आली पाहिजे, बाकी सगळं त्याच्या मागून.

आपली काळी माती कोरडी असताना सिमेंटसारखी असते. ओली झाली की टायरला चिकटते, त्या थरावर दुसरा थर बसतो, आणि पन्नास पावलांत चाक फ्रेममध्ये अडकून उभं राहतं. त्यात उसाचं पाचट मिसळलं की दोरखंडच वळला जातो. एका नोव्हेंबरात आदल्या रात्री अवकाळी पडून गेला होता. अब्दुललाटच्या अलीकडं वरून कोरडी दिसणाऱ्या पाणंदीत मी शिरलो. पाचटाचा पीळ मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रात गेला, आणि मी पायडल थांबवायच्या आत त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर मोडला. साखळी तोडून आखूड केली, एकाच गिअरवर लावली आणि हुपरीपर्यंत आलो. तेव्हापासून माझ्या पिशवीत आपल्याच फ्रेमचा जादा हँगर आणि साखळी जोडायची क्विक लिंक, म्हणजे हातानं बसणारी कडी, असते. तुम्हीही घ्या. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, ऐनवेळी कुठल्याही दुकानात मिळत नाही.

नवख्याला न सुचणारी गोष्ट अशी की पाऊस नसला तरी पाणंद ओली असते. वीज रात्रीची असली की शेतकरी रात्री पाणी पाजतो. पाट फुटतो, सरी भरून वाहते आणि ते पाणी पाणंदीत येतं. फेब्रुवारीतल्या कडक सकाळी अर्धा किलोमीटर रस्ता धूळ उडवतो आणि मग एकाएकी वीस फूट काळा लगदा येतो. ओळखायचं कसं? चाकोरीत धूळ जाऊन गडद पट्टा दिसतो, कडेचं गवत पुढच्यापेक्षा हिरवं असतं, बगळे उतरलेले असतात. बगळे दिसले की मी सायकल उचलायच्या तयारीनंच जातो. अशा ठिकाणी चालवायचा हट्ट नको. उतरा, सायकल खांद्यावर घ्या, पलीकडं ठेवा. दोन मिनिटं जातात. चिखलात घातलीत तर काडीनं माती उकरण्यात अर्धा तास जातो.

शिरोळ तालुक्यात आणखी एक जमीन भेटेल, क्षारपड. वर्षानुवर्षं भरमसाठ पाणी दिलं आणि निचरा झाला नाही म्हणून खालचे क्षार वर आले. एकेकाळी सोनं पिकवणारी ती रानं आज पांढरी पडलेली बघून पोटात तुटतं. काही गावांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा काढला आणि रानं पुन्हा पिकाखाली आणली, तीही वाटेत दिसतील. सायकलवाल्यानं एवढं ध्यानात ठेवावं की पांढरा पापुद्रा वरून कोरडा दिसला तरी आतून मऊ असतो. पुढचं चाक रुतलं की माणूस हँडलवरून पुढं जातो. तिथं वजन मागं ठेवा आणि पुढचा ब्रेक दाबू नका.

याउलट नदीकाठची मळीची जमीन. दर पुराला नवा गाळ बसतो, माती भुरभुरीत आणि मऊ. भाजीपाल्याची हिरवीगार रानं तिथलीच. टायरखाली ती रव्यासारखी सरकते. हवा कमी असेल तर चालवायला फार सुख देते.

हवा किती? तुमचं वजन 75 किलोच्या आसपास धरतो. ट्यूबलेस केलंत, म्हणजे ट्यूब काढून आत भोक बुजवणारं सीलंट घातलंत, तर पुढं 22, मागं 25 पीएसआय. ट्यूब असेल तर पुढं 30, मागं 33, नाहीतर चराच्या कडेवर ट्यूब चिमटते. आणि ट्यूबलेस कराच. आपल्या पाणंदीला दोन्ही बाजूंनी बाभळ, वेडी बाभूळ, बोर असते. बांध साफ करून शेतकरी फांद्या कडेला टाकतो आणि काटे वाटेवर येतात. उन्हाळ्यात जमिनीला चिकटलेला सराटा वेगळाच. एका फेरीत मागच्या टायरमधून सतरा काटे उपसलेत मी. 29 इंची टायरला 80 ते 100 मिलिलिटर सीलंट घाला, आणि आपल्या उन्हात ते वाळतं म्हणून दर दोनतीन महिन्यांनी बघा. काटा उपसला की भोक खाली करून चाक थोडा वेळ तसंच धरा, सीलंट तिथं साचून बसतं. ट्यूबवरच राहायचं असेल तर पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून सुती फडकं फिरवा. मोडलेलं काट्याचं टोक बोटाला लागत नाही, फडक्याला अडकतं. हे न केल्यामुळं एकच ट्यूब तीनदा काढणारे लोक मी पाहिलेत.

कधी जायचं हे नदी ठरवते. पंचगंगेला उतार इतका कमी आहे की पुराचं पाणी ओसरायला आठवडा आठवडा लागतो. 2005, 2019 आणि 2021 ला शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात होती, घरांच्या भिंतींवर अजून त्या रेघा दाखवतील. पावसाळ्यात कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सगळं कोल्हापूर बघत असतं, 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका. सायकलवाल्यानं इशाऱ्यापर्यंतही थांबू नये, काठच्या पाणंदी त्याच्या कितीतरी आधी जातात. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडलं, असं ऐकलंत की त्यानंतर बरेच दिवस शिरोळची पाणंद विसरा. माझा हिशेब सरळ आहे. जून ते सप्टेंबर फक्त डांबर. ऑक्टोबरात विचारून. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर हा खरा हंगाम. मार्चनंतर पहाटे निघून अकराच्या आत सावली गाठायची. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येऊ शकतो, आणि वळवाचा एक सडाका पाणंद बंद करायला पुरतो.

वाटेत नदी ओलांडायला बंधारे मिळतील. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपण रोज बघतो म्हणून त्याकडं लक्ष जात नाही, पण थांबून बघण्यासारखा आहे. दगडी खांबांना खाचा असतात, त्यांत बर्गे म्हणजे फळ्या दोन ओळींत बसवतात आणि मधे माती ठासतात. पावसाळा संपता संपता बर्गे घालून पाणी अडवायचं आणि पुढच्या पावसाआधी काढून पुराला वाट मोकळी करून द्यायची. वरचा माथा अरुंद असतो आणि पुष्कळ ठिकाणी कठडा नसतो, असला तरी पुरानं वाकवलेला. समोरून दुचाकी येत असेल तर अलीकडंच थांबा. माथ्यावर लोखंडी पट्ट्या असतील तर त्या सरळ कापा, तिरकं चाक पहाटेच्या दवावर निसटतं. आणि नदीच्या पाण्यानं बाटली भरू नका. शहराचं आणि कारखान्यांचं सांडपाणी पोटात घेऊन ती आलेली असते, तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेले मासे तरंगताना मी डोळ्यांनी पाहिलेत. या नदीच्या पाण्यावर हे सगळं रान उभं आहे, तिची ही दशा बघवत नाही.

हंगामाची दुसरी बाजू म्हणजे ऊसतोड. नोव्हेंबर ते मार्च कारखाने चालू असतात, आणि अरुंद रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर धावतात. मागची ट्रॉली डुलते. तिच्या डावीकडून कधीच पुढं जाऊ नका, उजवीकडूनही पूर्ण रस्ता दिसल्याशिवाय नको. ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं चेहऱ्याच्या उंचीवर असतात, म्हणून गॉगल अंधारातही लावा, साध्या काचेचा. पहाटे निघताना मागचा लाल दिवा लावाच. बैलगाड्यांशी मात्र सावकाश वागा. घंटी वाजवू नका, बैल बुजतात. "दादा, बाजूनं येतोय" एवढं म्हटलं की पुरतं. त्या गाड्यांवरची माणसं बहुतेक बीडकडची असतात, फडाच्या कडेला खोपी घालून सहा महिने राहतात. त्यांच्या खोपींमधून वाट जात असेल तर उतरून चाला, तिथं लहान पोरं मातीत खेळत असतात.

ऊस तोडायच्या आधी आणि नंतर हा मुलूख दोन वेगळे मुलूख असतात. डिसेंबरात पाणंद म्हणजे दोन हिरव्या भिंतींमधला बोळ, दहा फूट उंच ऊस, दिशा कळत नाही, वारा लागत नाही. मार्चमध्ये त्याच जागी उभं राहिलं की तीन गावांची देवळं एकदम दिसतात. म्हणून मोबाइलमधली जुनी वाट डोळे झाकून धरू नका. उपग्रहाच्या चित्रात दिसणारी पाणंद बांध सरकवून कुणी शेतात घेतलेली असते, तर कधी नवीन मुरूम पडून ती उत्तम झालेली असते. हौस असेल तर गावनकाशा बघा. त्यात गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनं दाखवतात आणि पायवाट तुटक एकेरी रेषेनं. दुहेरी रेष दिसली तर ती सार्वजनिक वाट आहे हे तरी पक्कं.

त्याहून भरवशाचं म्हणजे विचारणं. "मामा, ही पाणंद फुडं निघतीया का?" असं विचारा. "निघतीया की. वड्यापतूर जावा, तितनं डाव्या हाताला" असं उत्तर येतं, आणि मागोमाग "पावणं कुठलं?" हा प्रश्न. त्याला नीट थांबून उत्तर द्या. एका पायावर सायकल तोलून घाईनं बोललेलं गावात आवडत नाही. बांधावरून सायकल घालू नका, मधला शॉर्टकट कितीही मोहात पाडो. बांधावरून सख्ख्या भावांची कोर्टं झालेली आहेत, आणि पाण्यानं मऊ झालेला बांध चाकानं चिरला तर शेतकऱ्याची रात्रीची मेहनत वाहून जाते. नव्या लागणीत, सरीत पाय नको. उसाच्या कडेला लघवीला जातानाही गवतात चार पावलं आत शिरू नका. घोणस तिथंच बसलेली असते आणि ती सरकत नाही. वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर पळवू नका. उतरा, सायकल मधे धरा, खाली नजर ठेवून चालत राहा, मालकाला हाक मारा. धनगराची मेंढरं रानात बसवलेली असतील तर लांबून वळसा घ्या, राखणीचं कुत्रं वस्तीवरच्या कुत्र्यापेक्षा जास्त कडवं असतं.

आता वाट. मी पंचगंगेच्या दक्षिण अंगानं जातो. उचगाव, गांधीनगर, वळिवडे. गांधीनगरच्या कापडपेठेतून पहाटे जाताना एवढं आठवा की इथं 1943 ते 1948 या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. रशियात हद्दपार केलेली, इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं, इथं राहिली, शिकली. ती गेली आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी त्याच जागेवर पेठ वसवली. पुढं वसगडे, पट्टणकोडोली. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेनंतर गेलात तर रस्ता भंडाऱ्यानं पिवळा असतो आणि टायरही पिवळं होऊन पुढच्या गावात जातं. मग हुपरी, चांदीचं गाव. गल्लीगल्लीत पैंजण घडवणारी घरं आहेत. इथं नाश्ता करा, कारण यानंतर पाणंदी सुरू होतात आणि चांगलं हॉटेल लवकर मिळत नाही.

हुपरीतून रेंदाळ, रांगोळी करत अब्दुललाट. हा या वाटेचा गाभा. इचलकरंजी जवळ असल्यानं या पट्ट्यात मागाची खटखट ऐकू येते आणि पुढच्या वळणावर ती थांबून निव्वळ उसाची सळसळ राहते. नंतर हेरवाड. विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव 2022 मध्ये ज्या ग्रामसभेनं केला ते हे गाव. दिसायला शेजारच्या गावांसारखंच आहे, पण मी त्याच्या वेशीवर दर वेळी पाणी प्यायला थांबतो. तेरवाडवरून कुरुंदवाड.

कुरुंदवाड घाईनं ओलांडू नका. पटवर्धनांचं संस्थान होतं, त्या काळचे वाडे आणि घाट अजून आहेत. संगमाजवळ संताजी घोरपड्यांची समाधी दाखवतात. गणेशोत्सवात इथं पाच मशिदींत गणपती बसतो, आणि त्याचं गावाला काही अप्रूप वाटत नाही, वहिवाटच आहे. घाटाच्या फरसबंदीवर क्लीटचे, म्हणजे तळाला पायडलात अडकणारा लोखंडी तुकडा असलेले बूट काढून ठेवा, झिजलेल्या काळ्या दगडावर लोखंड हमखास घसरतं.

कुरुंदवाडपासून अकिवाट, राजापूर करत खिद्रापूर वीसेक किलोमीटर आहे. हा तुकडा शेवटचा आणि सगळ्यात मोकळा. कृष्णा वळण घेत गावाला कवेत धरते, पलीकडचा काठ कर्नाटकाचा. कोपेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळात उभं राहिलेलं. समोर नंदी नाही, तो नदीपलीकडं यडूरला आहे असं सांगतात. आत जाताच स्वर्गमंडप लागतो. 48 खांब, आणि मधे छत गोल उघडं सोडलेलं, त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. दिवसभर सपाट रानात आभाळ डोक्यावर घेऊन आलेल्या माणसाला त्या गोलातून दिसणारा आभाळाचा तुकडा काही वेगळाच दिसतो. मी तिथं शिळेच्या कडेला अर्धा तास तरी बसतो. गावातलं जैन मंदिरही बघा, बरेच जण ते चुकवतात.

अंतराचं बोलू. या आडवाटेनं कोल्हापूर ते खिद्रापूर 65 ते 70 किलोमीटर होतं. निम्मं पाणंदीतून धरलं तर सायकलवरचे साडेचार-पाच तास आणि थांबे दोन तास. पहाटे साडेपाचला निघालात तर साडेबाराच्या सुमारास पोहोचाल. त्याच दिवशी सायकलीनं परत येऊ नका. दुपारी उन्हात, पश्चिमेचा वारा तोंडावर घेत 70 किलोमीटर, हे पहिल्या खेपेला कुणालाच सांगत नाही. एकतर गाडी बोलावून ठेवा, नाहीतर दोन दिवस करा, ते जास्त चांगलं. खिद्रापूरहून संध्याकाळपर्यंत नृसिंहवाडीला या, तिथं भक्तनिवासांत राहायची सोय होते. पंचगंगा कृष्णेला मिळते ती जागा संध्याकाळी बघा, बासुंदी खा, कवठाची बर्फी घरच्यांसाठी घ्या. दुसऱ्या दिवशी शिरोळ, जयसिंगपूर, दानोळी, कुंभोज, बाहुबली, हातकणंगले असं उत्तर अंगानं परत या. जयसिंगपूर 1917 साली शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या नावानं वसवलं, आखणी इतकी सरळ की गल्ल्यांना नुसते नंबर आहेत. तिथून भडंगाचं पाकीट पिशवीत टाका, खारट असतं आणि सायकलवर खारटच लागतं. कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटलांचं जन्मगाव.

खाण्यापिण्याचं फार सांगत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, एका बाटलीत चिमूटभर मीठ. दर पाऊण तासाला गूळ-शेंगदाण्याचा एक लाडू. भूक लागायची वाट बघू नका.

मुलाचं विचारलंत. खिद्रापूर त्याला लगेच नको. दहावीतल्या पोराला पाच तास एकसारखं पायडल मारायला लावलं तर तो पुन्हा सायकलीला हात लावणार नाही. त्याच्यासोबत उलट्या टोकाला जा. शिवाजी पुलावरून आंबेवाडी आणि तिथून प्रयाग चिखली, शहरापासून जेमतेम सात-आठ किलोमीटर. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते ती इथं. परत येताना वडणग्याच्या बाजूनं पाणंदी धरा. शिरोळकडचा ऊस बहुतेक कारखान्याला जातो, पण करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत अजून गुऱ्हाळं पेटतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठच्या सुमारास पोहोचलात तर चुलवाण धगधगत असतं, काहिलीत रस उकळत असतो, भेंडीच्या पाण्यानं मळी वर आलेली असते. आत जायच्या आधी गुळव्याला विचारा, काहिलीपासून मुलाला चार हात लांब ठेवा. गरम गूळ उसाच्या कांडक्यावर घेऊन देतात, तो खाऊन उन्हं चढायच्या आत घरी या. असे तीनचार रविवार झाले आणि पाचव्याला त्यानंच "आज कुठं?" म्हणून विचारलं, की हुपरीपर्यंत न्या.